म्हायेरचा हक्क

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिताना मला संकोच वाटत नाही. जन्मभर मी लिहिलं ते दुसऱ्यांसाठी, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन घरांत डोकी फुटायची पाळी. आज तसं काही नाही. आज रविवार आहे, सकाळची वेळ आहे, खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळतायत आणि वॉचमन त्यांच्यावर ओरडतोय. टेबलावर तुझ्या लाडक्या लेकानं पाठवलेला कागद पडलाय. हक्कसोडपत्र आहे. तुझ्या माहेरच्या वाट्याची जमीन नव्या शहरात गेली, तिच्या बदल्यात सरकारनं साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट दिला, द्रोणागिरीला. तू गेल्यानंतर तो आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आला. त्यातला माझा अर्धा हिस्सा मी भावाला राजीखुशीने सोडते, असं त्यात लिहिलंय. दुपारी त्याच्याकडे जायचंय. सही करायची की नाही, ते माझं ठरत नाहीये, आणि तुझ्याशिवाय हे बोलायला मला दुसरं कोणी नाही.

मी वकील झाले, हे तुला कुठं ठाऊक! तू गेलीस तेव्हा मी पनवेलला वकील साहेबांच्या ऑफिसात टायपिस्टच होते. तू बाजारात सगळ्यांना सांगायचीस, "माझी पोर वकिलाकरं मशीन चालवते," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं शिवणाचं मशीन. मी चिडायचे. तू म्हणायचीस, "मशीन त मशीन, तुना काय झाला?"

नव्या शहरासाठी जमिनी घेण्याचे ते दिवस. चावडीच्या भिंतीवर नोटिसा लागायच्या आणि वाचता येणारे दोन-चार जण मोठ्यानं वाचायचे. कोणाचं शेत जाणार, कोणाचं मिठागर जाणार, खाडीकाठची खाजणजमीन नक्की कोणाच्या नावावर, काही कळायचं नाही. सकाळी बातमी यायची की भाव वाढणार, संध्याकाळी यायची की भावच मिळणार नाही, घरंसुद्धा पाडणार. ज्या माणसांनी कोर्टाची पायरी लांबूनही पाहिली नव्हती, ती चिखलाचे पाय पुसून साहेबांच्या ऑफिसात दाटीवाटीनं बसायची. भात पिकवणारी माणसं ती. सातबाऱ्यावर आपल्या बापाच्या खाली बहिणींची नावं लागतात, हे त्यांना तेव्हाच कळलं. म्हणजे पैसे घ्यायचे तर बहिणीची सही लागणार. झालं! ज्या बहिणींची चौकशी गणपतीखेरीज कोणी करत नव्हतं, त्यांच्या दारात भाऊ पिशवी घेऊन उभे राहायला लागले.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. आवाज असा की पलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावा. पण माणूस सरळ. त्यांचे काही नियम होते आणि ते ते पक्षकाराच्या तोंडावर ओरडून सांगत. सुतकात कागद करायचा नाही. रडणाऱ्या माणसाची सही घ्यायची नाही. धंद्याच्या कर्जासाठी घर लिहून द्यायचं असेल तर आधी बायकोला विचारून या, मग मला विचारा. आणि हक्कसोड करायची असेल, तर भाऊ बाहेरच्या बाकावर बसेल, बहीण आत एकटी बोलेल. भाऊ कुरकुरला की म्हणत, "तू समोर असलास की बहिणीच्या तोंडून तूच बोलतोस. जा, बाहेर बस, वारा खा." मग दार लोटून घेत आणि बाईला विचारत. बाई जमिनीकडे बघत "व्हय" म्हणायची. सगळ्याच "व्हय" म्हणायच्या. साहेब उसासा टाकून माझ्याकडे बघत आणि मी टाइप करायला घ्यायचे.

एक दिवस त्या बाकावर बसायला आलेला भाऊ माझा मामा होता.

मामा तुझा एकुलता एक भाऊ, तुझ्या माहेरचा, करावे गावचा. सदऱ्याला कडक इस्त्री केली होती, आणि हातात कापडाची पिशवी, तिच्यात लुगडं आणि नारळ. सही झाली की बहिणीची ओटी भरायची, हा आपल्याकडचा रिवाज. माणूस वाईट नव्हता गं. शेत जाणार, दोन पोरं रिकामी, पैसे आले की टेम्पो घेऊ, भाडी मारू, एवढाच त्याचा हिशेब. बाकावर बसताना मला म्हणाला, "तू हाईस ना आत, मग मना काय काळजी." मी हसले. आदल्या रात्री मी तुला काही समजावलं नव्हतं, कारण साहेबांनी बजावलं होतं, "आईला पढवून आणू नकोस. जे असेल ते तिच्या तोंडून येऊ दे."

तू खुर्चीच्या टोकावर बसलेली आहेस. पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत, कळत नाहीये तुला. साहेब चष्मा पुसतात आणि त्यांच्या त्या कोर्टाच्या भाषेत एका दमात विचारतात, "बाई, वडिलोपार्जित शेतजमिनीतील आपला हक्क आपण राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून देत आहात काय?"

"हक्क?" तू म्हणतेस.

"हो. हक्क."

"कायमचा?"

"कायमचा."

तू माझ्याकडे बघतेस, मग दाराकडे, मग ताठ बसतेस. "नाय. हक्क कसा सोरीन? मना नाय सोराचा."

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की शाईची दौत हलली. "वा, बाई! वा!" इतक्या दिवसांत कोणी नाही म्हणालेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं. आणि मी? माझी छाती फुगली आये. अंगठेबहाद्दर माझी आई, आणि पनवेलच्या वकिलासमोर कशी तोंड उघडून बोलली! मला त्या क्षणी मामा आठवलासुद्धा नाही.

मामाला आत बोलावलं. साहेबांनी सांगितलं, "बाईंनी नकार दिलेला आहे. कागद होणार नाही." मामाचा चेहरा बघवेना. त्यानं बाकावरची पिशवी उचलली आणि गेला. "दादा, अरे थांब की!" तू दारापर्यंत धावलीस. तो थांबला नाही.

परतीच्या यष्टीत तू खिडकीशी बसलीस आणि माझी टकळी सुरू. आये, तू भारी केलंस, आये, साहेब किती खूश झाले. तू ऐकतच नव्हतीस. बेलापूरचा फाटा जवळ आला तेव्हा विचारलंस, "दादा असा का गेला गं?"

"असा का म्हणजे? तू जमीन दिली नाहीस म्हणून."

"जमीन?" तू माझ्याकडे बघितलंस. "जमिनीचा कोन बोलला? जमीन त मी देवालाच आलेली. माझ्या बापाची जमीन, भावाला नाय देनार त कोनाला देनार? त्यो वकील हक्क सोर म्हनला. कायमचा म्हनला. म्हायेरचा हक्क सोरला त गनपतीला मी जाव कुठं?"

मला वाटलं तू गंमत करतेयस. मग तुझे डोळे बघितले. साहेब "शेतजमिनीतील" म्हणाले होते, मी स्वतः ऐकलं होतं, पण त्या लांबलचक वाक्यातून तुझ्या कानात एकच शब्द शिरला. आपल्या घरात हक्क हा शब्द जमिनीसाठी कधी वापरलाच नव्हता. हक्काचं घर म्हणजे माहेर. हक्कानं मागायचं ते भावाकडं. सगळं तिथलंच. तू भावाला धरून ठेवायला नाही म्हणालीस, आणि त्याला वाटलं तू जमिनीला धरून बसलीस!

मी सगळं समजावलं. तू तोंडावर हात ठेवून ऐकलंस. मग म्हणालीस, "मग तितंच का नाय सांगितलंस? तू त बाजूलाच बसलेलीस." मी तर खुशीत होते. उतरल्यावर चालता चालता तू स्वतःशीच म्हणालीस, "जांभला लुगरा व्हता. पिशवीतशी दिसला मना. काठ बरा व्हता."

दुसऱ्या दिवशी आपण दोघी करावेला गेलो. तू सकाळी खाडीवर जाऊन चिंबोऱ्या आणल्यास, मामाला आवडतात म्हणून मोठ्या मोठ्या निवडल्यास, नांग्या बांधून टोपलीत घातल्यास. वाटेत मला दोनदा विचारलंस, "अंगठा हिकरंच दिला त चालल ना? परत पनवेलला नको जावाला." तू द्यायलाच निघाली होतीस, आये. हे मी तुझ्या वतीनं कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन.

मामा ओटीवर बसला होता. उठला नाही. "कशाला आलीस?" म्हणाला. "हक्क मांगाला? कोर्टात जा. तितं भेटंल तुना हक्क."

पुन्हा तोच मेला शब्द. तुझा चेहरा पडला. तू टोपली खाली ठेवलीस, ओटीच्या कडेला टेकलीस. मामीनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला, डोळे वर न करता. आत चुलीवर भात शिजला होता, सुक्या बोंबलाचं कालवण होतं, वास बाहेरपर्यंत येत होता. जेवायची वेळ होती. आपण बसून राहिलो. मी दोनदा तोंड उघडलं, मामा, ऐक तरी, आई काय म्हणते, आणि मामानं हात वर करून मला गप्प केलं. "वकिलाकरची पोर तू. तू नको शिकवू." तुझी नजर चुलीकडच्या दाराशी होती. तू वाट बघत होतीस. शेवटी पदर सावरून उठलीस. चिंबोऱ्यांची टोपली तिथंच राहिली.

गावाबाहेर आल्यावर बोललीस. "भात शिजलेला. एक शब्द नाय बोलला कोनी, जेवून जा म्हनून. बाजारातल्या भिकाऱ्याला पन इचारतात. आता अंगठा नाय."

"आये, तू कायद्यानं बरोबरच आहेस," मी म्हणाले. कसलं शहाणपण ते!

"कायदा पान वाढतो का गं?" तू म्हणालीस, आणि झपाझप चालायला लागलीस.

मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हळहळतील. ते वैतागले. "मग दुसरा शब्द कुठून आणू मी? कायद्यात हाच आहे!" असं म्हणून पुढची फाइल मागितली. पण त्यानंतर बायकांना विचारताना आधी "जमीन, जमीन, शेताचं बोलतोय मी" असं दोनदा ओरडायला लागले, एवढं मात्र खरं.

पुढची वर्षं तू कशी काढलीस ते मी बघितलंय. मामाचे पैसे कोर्टात अडकले. टेम्पो राहिला. त्याचा थोरला दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, हे कळलं तेव्हा तू ताटावरून उठलीस. मी किती वेळा म्हटलं, सही करून टाक आणि मिटव. तुझं एकच, "त्यानी एकदा जेव म्हनूं दे. मग अंगठा काय, हात कापून देईन." आणि तिकडे मामा लोकांना सांगायचा, "तिनी अंगठा दिला त पाट मांडीन." त्याला आधी सही हवी होती, तुला आधी जेवण. करावे आणि आपलं गाव, मध्ये चालत जाण्याएवढी वाट, आणि त्या वाटेनं कोणी आलं नाही. गणपतीत बायकांना न्यायला माहेरचा मुराळी यायचा. गल्लीतल्या एकेक बायका पिशवी घेऊन भावामागून जायच्या, आणि तू हातातली मासळी साफ करायचं विसरून दारात बसायचीस. मी म्हणायचे, आत ये. तू म्हणायचीस, "वारा खातंय."

तू गेलीस तेव्हा सगळ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय बाईला न्यायचं कसं? कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, बाजारातून आणा, कोण विचारतंय. तेवढ्यात मामी आली. एकटी, घामाघूम, चालत. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं. जांभळं. घड्या पडून पडून मधे विटलेलं, डांबरगोळ्यांचा वास येणारं. मी ते लगेच ओळखलं. "मामानं दिलं?" मी विचारलं. मामी म्हणाली, "नेसव तिला. इचारू नको." मी नेसवलं. काठ खरंच बरा होता, आये. मामा मसणात आला होता, लांब उभा राहिला, घरी आला नाही. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की दोन्ही अजून उतरलेली नाहीत.

त्यानंतर मी कॉलेज केलं, सनद घेतली, आणि साहेबांच्याच खुर्चीत बसले. लोक येतात अजून. धंदे बसतात, भागीदार पळतात, बँका दारात येतात, बाप मृत्युपत्र न करता मरतात. मी सांगते, कोऱ्या कागदावर सही नाही, भावाभावांत सुद्धा लेखी करा, कर्जाला जामीन राहताना बायकोला सांगा. आणि बहिणी येतात, तेव्हा भावाला बाहेर बसवते. हक्क हा शब्द मी तोंडातून काढत नाही. म्हणते, "शेताचा वाटा द्यायचाय का? माहेर वेगळं, ते कागदावर नसतं, ते कोणी लिहून घेऊ शकत नाही." बायकांना बरं वाटतं. आणि मी दरवेळी मनात म्हणते, कसली खोटारडी बाई आहेस तू! कारण मी बघितलंय ना. कागदावर नसतं तेच आधी जातं.

आता माझी पाळी. तुझा लेक काही वाईट नाही. न्हावा शेवाच्या बंदरावर त्याचे दोन ट्रेलर चालायचे, आता महिनोन् महिने उभे असतात. बँकेला क्लिअर टायटल हवंय, बिल्डरलाही. फोनवर म्हणाला, "ताई, नुसती फॉर्मॅलिटी हाय. टेन्शन नको घेऊस. तुला काय कमी हाय?" खरंच काही कमी नाही. तू माझी पक्षकार असतीस तर मी तुला काय सांगितलं असतं, ते मला तोंडपाठ आहे: सही करू नका, आधी वाटणी करा, पाहिजे तर त्याला प्लॉट वापरू द्या पण नाव सोडू नका, आणि तुमचा वकील वेगळा ठेवा. सगळं बरोबर. एका शब्दालाही खोट काढता येणार नाही.

पण तो नुसता "दुपारी ये" म्हणाला. जेवायला ये, असं नाही म्हणाला. दुपारी म्हणजे जेवणाआधी की जेवणानंतर, हे मी दोन दिवस घोळवतेय. वहिनीला फोन करून विचारणार होते, केला नाही. वय झालं, केस पिकले, जज्जसमोर न घाबरता बोलणारी मी, आणि भावाच्या एका वाक्याचा कीस पाडत बसलेय.

हे कोणाला दाखवायचं नाही, कुठं पाठवायचंही नाही. तुला म्हणून सांगते. मी कायदा बघून ठरवणार नाहीये. त्याच्या घरी जाईन, कागद समोर ठेवीन आणि बसून राहीन, तू ओटीवर बसली होतीस तशी. तो किंवा वहिनी "जेवून जा" म्हणाले, तर तिथंच सही करीन, माझ्या अख्ख्या हिश्श्यावर. तसं नाही म्हणाले, तर कागद पर्समध्ये घालून उठेन.

मघाशी शेजारीण गरम पोहे देऊन गेली. बशी झाकून ओट्यावर ठेवलीय. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.